मोहरीएवढा स्क्रू

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शिवणाचे यंत्र असते. त्या यंत्रात सुई धरून ठेवणारा एक लहानसा स्क्रू असतो. तो एखाद्या सणाच्या आदल्या रात्री निसटून पडला म्हणजे घरात केवढी तारांबळ उडते, हे गृहिणींना मी नव्याने सांगावयास नको. मुले पलंगाखाली शिरतात, आजीबाई चष्मा शोधू लागतात, आणि चष्मा सापडावा तर त्याच्याही दांडीतला स्क्रू गळालेला! ज्या वस्तूचा भाव विचारला असता दुकानदार हसेल, तिच्यावाचून चांगले चालते यंत्र मुके होऊन बसते. माझे उभे आयुष्य ह्या क्षुद्र वस्तूंच्या संगतीत गेले. त्यांतील एका स्क्रूची हकीकत मी आजवर घरातही फारशी कोणाला सांगितलेली नाही, ती आज सांगणार आहे.

मी मराठवाड्यातील एका खेड्याचा. आमचे पाचही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे आमच्या घरांतून हैदराबादला जाणे म्हणजे परमुलखात जाणे असे कोणी मानीत नसे. माझे एक मामा तेथे उस्मानिया रुग्णालयात कंपाउंडर होते. १९७४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मी मीटरगेजच्या गाडीने काचीगुड्याला उतरलो आणि मामांच्या ओळखीने अफझलगंजातील एका गल्लीत मापयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराच्या हाताखाली लागलो.

अफझलगंज हे नाव पाचवे निजाम अफझलउद्दौला ह्यांचे. १८५७ ते १८६९ ह्या त्यांच्या कारकिर्दीत ही जागा धान्याच्या व्यापाऱ्यांना मिळाली आणि मुसी नदीच्या काठी पेठ वसली. १९०८ च्या सप्टेंबरात ह्याच नदीला तो भयंकर पूर आला. रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडाच्या आधाराने शेदीडशे माणसे वाचली, असे मामा नेहमी सांगत आणि ते झाडही दाखवीत. मी गेलो तेव्हा पेठेत धान्याबरोबर लोखंडी सामान, सायकलींचे भाग, दोरखंड, तराजू आणि हत्यारे ह्यांची दुकाने दाटीवाटीने उभी होती. जवळच गौलीगुड्याला लोखंडी कमानींचे ते अवाढव्य बसस्थानक होते. मूळची ती विमाने ठेवण्याची शेड. २०१८ साली ती कोसळली. ह्या साऱ्या गलबल्यात आमच्या उस्तादांचा गाळा मात्र घड्याळजीच्या दुकानासारखा शांत असे.

उस्तादांचे हात लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात तयार झालेले. त्यांच्याकडे व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज, सोनारांचे काटे, जमीनमोजणीची उपकरणे असे सारे येई. बहुतेक वेळा दुखणे मोठे नसे. कोठेतरी एक स्क्रू गळालेला असे. पण तो कोणता, हे ठरविण्यातच सारी विद्या होती.

शेतकरी वाचकांसाठी थोडे स्पष्ट करून सांगतो. व्हर्नियरला दोन जबडे असतात. एक पट्टीशी अचल, दुसरा तिच्यावरून सरकणारा. मुख्य पट्टीवरील ४९ मिलिमीटरांचे सरकत्या पट्टीवर ५० भाग केलेले असले, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. ही युक्ती प्येर व्हर्निये ह्या फ्रेंच गृहस्थाने १६३१ साली प्रसिद्ध केली. तथापि तिची पूर्वतयारी त्याआधीच झालेली होती. पोर्तुगालच्या पेद्रु नुनिश ह्यांनी १५४२ साली तशा विभागणीचा एक मार्ग सुचविला होता, आणि येशूसंघीय गणिती क्लाव्हियस ह्यांनीही साहाय्यक पट्टीने भाग पाडण्याची रीत लिहून ठेवली होती. १५८२ साली सुधारलेल्या ज्या पंचांगावर आपले सण चालतात, त्याच्या कामातले हेच क्लाव्हियस. ती साहाय्यक पट्टी उपकरणालाच कायमची जोडून सरकती करण्याचे व्हर्नियेला सुचले, आणि नाव त्याचे राहिले.

आता हा सरकता जबडा डुगडुगू नये म्हणून त्याच्या वरच्या कडेत एक पातळ, लवचीक धातूची पट्टी बसविलेली असते आणि तिला वरून दोन बिनडोक्याचे बारीक स्क्रू दाबून धरतात. त्यांतील एक गळाला की बैलगाडीच्या चाकाची खीळ पडावी तसे होते. गाडी चालते, पण चाक डुलू लागते. जबडा टोकाशी किंचित फाकतो आणि पट्टीवरचा आकडा खरे माप सांगत नाही. दुर्दैव असे की तो आकडा वाचताना स्वच्छच दिसतो. मोडलेले उपकरण माणूस बाजूला ठेवतो. असे अर्धवट खोटे बोलणारे उपकरण तो विश्वासाने वापरतो.

मायक्रोमीटरची गोष्ट तर आणखी मौजेची. ते सबंध उपकरण म्हणजे एक स्क्रूच. त्याच्या आट्यांतील अंतर अर्धा मिलिमीटर आणि फिरत्या टोपीवर पन्नास खुणा, म्हणून एक खूण फिरविली की शंभरांश मिलिमीटर. पॅरिसच्या पामर ह्यांनी १८४८ साली त्याचे पेटंट घेतले.

उस्तादांची पहिली शिकवण काम परातीत करण्याची होती. परातीत पांढरे फडके अंथरायचे आणि त्यावरच उपकरण उघडायचे, म्हणजे सुटलेला स्क्रू उडून जात नाही. तरीही एखादा जमिनीवर पडलाच, तर दिवा मालवून विजेरी जमिनीवर आडवी ठेवावयाची. उजेड जमिनीला लागून गेला की मोहरीएवढ्या स्क्रूचीही बोटभर सावली पडते. शुभवर्तमानातील नाणे हरवलेल्या त्या स्त्रीनेही दिवा लावून घर झाडले होते. तिने दिवा जमिनीवर ठेवला होता की काय, असे माझ्या मनात तेव्हा येई. लोहचुंबक वापरण्याची मात्र उस्तादांची सक्त मनाई होती. मापयंत्राला चुंबकत्व लागले की लोखंडाचा भुसा त्याला चिकटून बसतो आणि मापात शिरतो.

दुसरी शिकवण ओळखीची. गळालेल्या स्क्रूला जोडीदार असेल तर प्रथम त्याला बाहेर काढावे, कारण हरवलेल्या भावाचा चेहरा उरलेल्या भावावरून कळतो. जोडीदार नसेल तर उपकरण कोणत्या देशाचे ते पाहावे. जर्मन, स्विस आणि जपानी असेल तर मेट्रिक आटे; दोन मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला आट्यांतील अंतर ०.४ मिलिमीटर. अमेरिकन असेल तर जाडीला नंबर आणि इंचात किती आटे त्याचा आकडा. आणि इंग्रजी नाजूक उपकरण असेल तर 'बी. ए.' आटे. हे आटे ब्रिटिश असोसिएशन नावाच्या विद्वत्सभेच्या समितीने १८८४ साली स्विस पद्धतीच्या आधारे सुचविले. इंच आणि सुताच्या त्या देशात ह्यांची मापे मिलिमीटरमध्ये, ह्याचे मला फार नवल वाटे. शून्य नंबर सहा मिलिमीटर जाड, आट्यांतील अंतर एक मिलिमीटर. पुढे प्रत्येक नंबराचे अंतर आधीच्याच्या नऊ-दशांश. नंबर वाढतो तसतसा स्क्रू बारीक होतो. आट्यांचा कोनही निराळा, साडेसत्तेचाळीस अंशांचा. मेट्रिक आणि अमेरिकन आट्यांचा साठ.

आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरापासून ती मापे लागू होऊ लागली. पण कायद्याने जुनी यंत्रे नाहीशी होत नाहीत. १९७४ च्या अफझलगंजात तिन्ही जातींचे स्क्रू सुखाने नांदत होते. दर गुरुवारी उस्ताद जुमेरात बाजारात जात आणि मोडकी मीटरे, रेडिओ, टेलिफोन, घड्याळे वजनावर विकत आणीत. ती उकलून त्यांतले स्क्रू जातीनिहाय डब्यांत ठेवण्याचे काम माझ्याकडे आणि दुकानातल्या दुसऱ्या एका मुलाकडे होते. डब्यांवर उस्तादांच्या सुरेख उर्दू अक्षरांतल्या चिठ्ठ्या असत. मला उर्दू वाचता येत नसे; तो मुलगा वाचून दाखवी.

हा मुलगा असेल तेरा-चौदा वर्षांचा. धूलपेठेकडून येई. वडील नव्हते, आई उदबत्त्या वळीत असे. आम्ही त्याला नुसते 'छोटे' म्हणत असू. त्याची नजर विलक्षण होती. दोन स्क्रू शेजारी धरून, दोन फण्यांचे दात एकमेकांत बसवावेत तसे त्यांचे आटे एकमेकांत बसवून तो उजेडाकडे पाही. फट दिसली की लगेच म्हणे, "ये इसका भाई नहीं." मी वयाने मोठा आणि चार इयत्ता अधिक शिकलेला असून मला ते साधत नसे. माझ्या मनात त्याच्याविषयी असूया होती, हे आज लिहिताना हात अडखळतो.

तिसरी शिकवण सर्वांत महत्त्वाची. नवा स्क्रू बोटांनीच जावयास हवा. दोन फेरे कोणताही जवळच्या मापाचा स्क्रू जातो. परीक्षा तिसऱ्या फेऱ्याला. तेथे अडला की थांबावे, उलट फिरवून बाहेर काढावे. उस्ताद म्हणत, "जबरदस्ती नक्को, मियाँ. पेच कू पूछो, उनेच बोलता."

त्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नांदेडकडचा एक लेथवाला आपला इंग्रजी बनावटीचा व्हर्नियर घेऊन आला. वरच्या दोनांपैकी एक स्क्रू गळालेला. संध्याकाळच्या गाडीने त्याला परत जावयाचे होते. उस्ताद नमाजासाठी गेले होते. छोटे म्हणाला, आठ नंबर बी. ए. लागेल, तो डबा रिकामा आहे, उस्तादांना येऊ द्या. मला मात्र माझे ज्ञान दाखवावयाचे होते. दुसऱ्या डब्यात मला अगदी तसाच एक दिसला. जाडी मोजली, फरक जवळजवळ नाही. तो होता अमेरिकन, दोन नंबर, छपन्न आट्यांचा. पाहा कशी फसगत होते! आठ नंबर बी. ए. २.२ मिलिमीटर जाड, हा २.१८; पण आट्यांतील अंतर त्याचे ०.४३ आणि ह्याचे ०.४५ हून थोडे अधिक. एका आट्याला हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पाच आट्यांत तो एक-दशांश मिलिमीटरच्या वर जातो, आणि मग एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खाचेत न बसता तिच्या काठावर चढतो.

दोन फेरे गेले. तिसऱ्याला अडला. मी पेचकस नीट धरून जोर लावला. खाच झिजली, तेव्हा जंबुराने धरून पिळला. हाताला प्रथम घट्ट आणि मग एकाएकी मऊ लागले. आटे मेल्यावर असेच मऊ लागते. ज्याने ते एकदा अनुभवले त्याला ते विसरता येत नाही. स्क्रू तेथे बसल्यासारखा दिसत होता. मी उपकरण पुसले आणि छोटेच्या हाती देऊन गिऱ्हाइकाला द्यावयास सांगितले. माझे सारे उद्योग त्याने पाहिले होते.

पंधरवड्याने लेथवाला परत आला. त्याने एका शेतकऱ्याच्या पंपाचा शाफ्ट कातला होता. ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग, म्हणजे आतले भोक बरोबर पंचवीस मिलिमीटरचे. व्हर्नियर पंचवीस दाखवीत होता. पण डुलणारा जबडा फाकत असल्यामुळे शाफ्ट प्रत्यक्षात पाच शतांश जाड राहिला होता. बेअरिंग जाईना, म्हणून ठोकून बसविले; ते तापले, आठव्या दिवशी जाम झाले आणि ऐन रब्बीच्या पाण्याच्या वेळी पंप बंद पडला. लेथवाला ओरडला नाही, ह्याचेच मला अधिक भय वाटले. त्याने व्हर्नियर परातीत ठेवला. स्क्रू आपोआप बाहेर पडला.

उस्तादांनी तो चिमट्यात धरून पाहिला आणि विचारले, "कौन किया?" उपकरण गिऱ्हाइकाच्या हाती दिले होते छोटेने, लेथवाल्याने त्याच्याकडे बोट केले. छोटे एवढेच म्हणाला, "मैं नहीं किया." नंतर त्याने माझ्याकडे पाहिले. मी डब्यातले स्क्रू निवडीत होतो. मी निवडतच राहिलो. उस्तादांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस असे सांगितले. त्याने आपला जेवणाचा डबा उचलला आणि तो गेला. माझे नाव त्याने घेतले नाही. का घेतले नाही, हे मला आजही उमगलेले नाही.

रविवारी मी मामांना सांगितले. मामा मितभाषी. त्यांनी मला ताटावरून उठविले, हात धुवावयास लावले आणि म्हणाले, "आधी उस्तादांकडे जाऊन ये. मामी ताट झाकून ठेवील." मी गेलो. उस्ताद गाळ्याच्या माडीवर राहत. सारे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मेरे कू मालूम था. जंबूर के दाँत छोटे के हाथ के नहीं थे. तुम कब बोलते, वोच देख रा था." मला वाटते, ह्या ठिकाणी उस्तादांचेही चुकले. माझी परीक्षा पाहण्यासाठी त्यांनी त्या मुलाला चार दिवस ताटकळत ठेवावयास नको होते. आणि तसे त्यांच्या तोंडावरही मग दिसले, कारण त्यांनी लगेच टोपी घातली आणि आम्ही दोघे धूलपेठेस निघालो.

खोलीला कुलूप होते. मायलेक आदल्या दिवशी कोणा नातलगाकडे गेले, असे शेजारणीने सांगितले. कोठे, ते तिला सांगता येईना. बीदर म्हणाली, मग गुलबर्गा म्हणाली. उस्तादांनी निरोप ठेवला. पुढचे कित्येक गुरुवार ते जुमेरात बाजारातून परतताना तिकडून वळसा घेऊन येत. छोटे परत आला नाही.

व्हर्नियरचे भोक उस्तादांनी माझ्या देखत दुरुस्त केले. मेलेल्या आट्यांत पुन्हा तोच स्क्रू बसत नाही. म्हणून सात नंबरचा टॅप, अडीच मिलिमीटरचा, तेलाचा थेंब सोडून अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा हळूहळू फिरविला, आणि त्या मापाचा स्क्रू पितळी टोकाचा करून बसविला. बेअरिंगचे पैसे त्यांनी लेथवाल्याला दिले. ते माझ्या पगारातून कापा असे मी म्हटल्यावर प्रथम नाही म्हणाले, आणि नंतर दरमहा पाच रुपये कापून घेऊ लागले. ते त्यांनी घेतले ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तो वाकलेला अमेरिकन स्क्रू त्यांनी काडेपेटीत घालून मला दिला.

पुढे मी तेथे सहा वर्षे काढली. त्या काळात एकदा उस्ताद मला बेगमपेठेच्या निजामिया वेधशाळेकडे घेऊन गेले होते. नवाब जफरजंग ह्यांनी १९०१ साली स्थापिलेली ही संस्था १९१९ पासून उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. सबंध आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची स्थाने मोजण्याचे जे जागतिक काम तेव्हा चालले होते, त्यात हैदराबादने आपला वाटा उचलला होता. फार वर्षांनी मला वाचावयास मिळाले की त्याच कामात व्हॅटिकनच्या वेधशाळेचाही वाटा होता, आणि तेथील काचा मोजणाऱ्या चार धर्मभगिनी होत्या. एक सूक्ष्मदर्शकातून पाहून आकडे सांगे, दुसरी लिहून घेई. १९१० ते १९२१ ह्या काळात त्यांनी चार लाख एक्याऐंशी हजारांहून अधिक तारे नोंदविले. त्यांची नावे लोकांना कळली २०१६ साली. छोटेची नजर अशा कामाला किती उपयोगी पडली असती, असे मला ते वाचताना वाटून गेले.

असो. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने गावाहून फोन केला, "काका, व्हर्नियर हलतोय." तो गावात लेथ चालवितो, पंपाचे शाफ्टच कातीत असतो. उपकरण जपानी, घडण उत्तम. पाहतो तर वरच्या दोनांपैकी एक स्क्रू नाही, आणि त्या जागी ह्या शहाण्याने चष्म्याचा स्क्रू डिंकासारख्या कसल्याशा पदार्थाने चिकटवून ठेवलेला! मी त्याला बरेच बोललो. बोलण्याचा अधिकार मला कितपत होता, हे मला ठाऊक होते, त्याला नव्हते.

एका लग्नासाठी हैदराबादला जावयाचे होतेच. व्हर्नियर पिशवीत घालून अफझलगंजात गेलो. उस्तादांच्या गाळ्यात आता प्लास्टिकच्या बादल्या विकतात. पुढच्या गल्लीतील हत्यारांच्या दुकानात अंकांच्या काचेचे, बॅटरीवर चालणारे व्हर्नियर ओळीने टांगलेले होते. मी उरलेला जोडीदार काढून दाखविला. दोन मिलिमीटर, मेट्रिक. दुकानातला तरुण म्हणाला, सुटा मिळत नाही, पाकीट घ्यावे लागेल. घेतले. दुकानातून निघताना, सवयीने, आसपासच्या साठीच्या माणसांकडे मी पाहून घेतले. त्या वयाचा, धूलपेठेचा, स्क्रू ओळखणारा कोणी माहीत आहे का, असे मी तेथे दर खेपेला विचारतो. ह्याही खेपेला विचारले.

गावी परतल्यावर असे दिसले की पाकिटातला स्क्रू जोडीदारापेक्षा मिलिमीटरभर लांब आहे. लांब राहिला तर वर डोके काढतो आणि तळहाताला लागतो. पितळेच्या पट्टीला त्याच मापाचे आटे पाडून त्यात तो बसविला, बाहेर आलेले टोक कानशीने पट्टीसपाट केले. परत काढताना पितळ त्याचे आटे आपोआप साफ करते. मग बोटांनी लावला. तिसरा फेरा गेला, चौथा गेला. शेवटी पेचकसाने पूर्ण आवळून एका फेऱ्याचा आठवा हिस्सा मागे घेतला, जोडीदारालाही तसेच केले. जबडे मिटून खिडकीकडे धरले; मधून उजेड आला नाही.

पाकिटातले उरलेले स्क्रू पुतण्या डबीत भरू लागला. माझ्या पेटीतली काडेपेटी त्याच्या हाती आली, ती त्याने उघडली.

"काका, हा वाकडा कशाला ठेवलाय? टाकू?"

"राहू दे," मी म्हटले. "तो दोन नंबर, छपन्न आट्यांचा आहे."